उशिरा आणलं

सरकारी दवाखान्यात दोन शब्द फार चालतात. कधी केसपेपरवर लिहिलेले असतात, कधी नुसते तोंडानं बोललेले. 'उशिरा आणलं.' पेशंट दगावला की डॉक्टर हेच बोलतो, सिस्टर हेच बोलते, चौकशी समिती बोलते, मंत्री बोलतो. आणि शेवटी वस्तीत आल्यावर मयताला बसलेली आपलीच माणसं बोलतात, जरा लवकर न्यायला पाहिजे होतं बघा.

मला ह्या दोन शब्दांचा राग आहे. संपादकानं कविता मागितली होती, ती पुढच्या अंकाला देईन. ह्या खेपेला हा राग छापा.

मी नववीपर्यंत शाळेत गेलो. पुढचं जे काय वाचलं ते डाळमिलच्या कट्ट्यांवर बसून, रात्रपाळीत. त्यामुळं व्याकरण मला जेमतेमच येतं. पण एवढं कळतं की 'उशिरा आणलं' ह्या वाक्यात कर्ता गाळलेला आहे. कुणी उशीर केला ते सांगितलेलं नाही. तरी ऐकणाराला बरोबर कळतं. कर्ता म्हणजे पेशंटचे नातेवाईक. आरोपी म्हणजे आम्ही. मेला तोही आमचा, आणि मारलाही आम्हीच.

२०२३ साल आठवा. नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर ह्या चोवीस तासांत तिथं २४ जीव गेले. त्यातले १२ म्हणजे नुसती जन्मलेली लेकरं. दुसऱ्या दिवशी आणखी ७. अठ्ठेचाळीस तासांत ३१. मुंबईच्या हायकोर्टानं आपणहून दखल घेतली. पेपरवाले आले, टीव्हीवाले आले, पुढाऱ्यांच्या गाड्यांनी आवार भरून गेलं. आणि खुलासा काय आला? पेशंट अत्यवस्थ होते, शेवटच्या क्षणी आले होते, लांबून आले होते, खाजगीवाल्यांनी ऐनवेळी इकडं ढकलले होते. म्हणजे तेच दोन शब्द, इस्त्री करून.

मी म्हणतो खुलासा खरा धरा. किनवट-माहूरच्या आदिवासीला नांदेड शंभर-सव्वाशे किलोमीटर पडतं. हिंगोली, परभणी, यवतमाळच्या कडेची गावं, तेलंगणाच्या सरहद्दीवरची गावं, सगळ्यांचा शेवटचा थांबा विष्णुपुरी. पाचशे खाटांच्या दवाखान्यात दुपटीनं पेशंट होते असं तेव्हाच्या पेपरांत छापून आलं. म्हणजे लोक लांबून येतात हे सरकारला माहीत होतं. लांबून येणारा उशिरा पोचतो हे सांगायला मंत्री लागत नाही. मग ते माहीत असून मधल्या शंभर किलोमीटरात काय ठेवलं तुम्ही? आणि नुकतं जन्मलेलं लेकरू उशिरा आलं म्हणजे काय रे? जगात येऊन ज्याला धड दिवस मोजता आला नाही, त्याला उशीर करायला वेळ तरी कुठं मिळाला?

मी लातूरच्या डाळमिलमध्ये काम करतो. तूर येते आणि डाळ होऊन जाते, पण एका दमात होत नाही. चाळतात, तेल-पाणी लावतात, वाळवतात, रोलवर सोलतात, पुन्हा चाळतात. दर पायरीवर माणूस उभा असतो. उशीर पण असाच तयार होतो दोस्तांनो. तो आभाळातून पडत नाही. दर पायरीवर कुणीतरी उभा असतो, आणि तो तयार माल शेवटी आमच्या नावावर खपवतात. मी एका उशिराचा हिशोबच मांडतो. मुनीम मांडतो तसा, तारीखवार.

आमचं गाव नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांच्या सरहद्दीवर. नांदेडवाले लातूरकडं बोट दाखवतात, लातूरवाले नांदेडकडं. घर म्हणजे दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, आणि वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड. घरकुलाच्या यादीत मायचं नाव आहे. सात वर्षं झाली, यादीतच आहे. २०२४ च्या मे महिन्यात रात्री दीडच्या सुमाराला वादळ आलं. पत्रा उचकटला आणि त्याच्यावरचा दगड झोपलेल्या मायच्या नडगीवर पडला. हाड मोडलं. नुसतं मोडलं नाही, कातडीतून टोक दिसत होतं.

मी लातूरला रात्रपाळीला होतो. दोनला फोन आला. एकाची मोटरसायकल मागून घेतली, पाचला गावात पोचलो. लाइट गेलेली. चुलतीनं तुरीच्या तुऱ्हाट्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावून लुगड्याच्या चिंध्यांनी बांधल्या होत्या. माय पदर दातात धरून पडलेली. मला बघून पदर काढला आणि म्हणाली, "कशाला आलास रं? खाडा पडंल की तुव्हा."

हिशोब असा. रात्री दीड ते साडेपाच, अंधार आणि वारा, वस्तीतून सडकेपर्यंत बाभळी आडव्या पडलेल्या, चार तास. मग बाजेवर घालून चौघांनी सडकेपर्यंत नेलं, एक तास. चाकाची कुठलीही गाडी असो, ती डांबरी सडकेवर थांबते. आमच्या वस्तीपर्यंत डांबर आलेलं नाही, गावापर्यंत आलेलं आहे. सडकेवर गाडीची वाट बघितली दीड तास. भाजीचा छोटा हत्ती मिळाला, तालुक्याला पोचायला पाऊण तास. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, रविवार होता. सिस्टरनं सुई दिली, जखम धुतली, तेवढं तिच्या हातात होतं आणि तेवढं तिनं नीट केलं. मग डॉक्टर येतील म्हणून बसवलं, मग येणार नाहीत म्हणून उठवलं. पुढं न्या. अडीच तास. पुढच्या ठिकाणी मशीन होतं पण एक्सरेवाला सोमवारी येणार होता. पुढं न्या. जाण्यासकट दोन तास. मधे एका खाजगीवाल्याच्या काउंटरवर विचारलं, त्यानं आधी तीस हजार भरा म्हणून सांगितलं. मिलमधल्या दोस्तांना फोन करून अकरा हजार जमले, तेवढ्यावर तो हात लावायला तयार नव्हता. एक तास. मग मोठ्या सरकारी दवाखान्याचा रस्ता, एक तास. केसपेपरच्या खिडकीला अर्धा तास.

बेरीज करा. सव्वाचौदा तास होतात. पावणेचारला एक पोरगेला डॉक्टर आला. स्वतः रात्रभर जागलेला होता, डोळे लाल. त्यानं विचारलं, कधी लागलं? रात्री दीडला. मग इतका वेळ काय करत होतात? आणि मान खाली घालून लिहायला लागला.

ह्या सव्वाचौदा तासांत आमचा उशीर कोणता तो मला कुणीतरी काढून दाखवा. दाखवला तर मिलचा महिन्याचा पगार देतो.

मायचा पाय राहिला. दोन बोटं आखूड झाला. खुरपायला जाता येत नाही आता.

कवींनो, तुमच्याशी पण बोलायचं आहे. आपल्या कवितेत 'वेदना' हा शब्द इतका वापरलाय की जुन्या दहाच्या नोटेसारखा मऊ पडलाय. वेदनेचा सूर्य, वेदनेचा समुद्र. मी पण लिहिलंय असलं. मायनं चौदा तासांत एकदाही वेदना म्हटलं नाही. ती म्हणाली कळ येतीय. ठणकतंय. मांडीपर्यंत आग चढलीय. गाडी खड्ड्यात गेली की सणक मारतीय. आणि डॉक्टरनं विचारलं किती दुखतंय, तेव्हा म्हणाली, "लई न्हाई." मी नंतर विचारलं, असं का म्हणालीस? तर तिला वाटलं होतं की लई दुखतंय म्हटलं तर हे पण पुढं न्या म्हणतील. दुखणं लपवलं तर जागा मिळंल, हे तिला दोन दवाखान्यांनी सकाळपासून शिकवलं होतं. ह्याच्यावर लिहा. समुद्र राहू द्या बाजूला.

बाजेचा एक खूर माझ्या खांद्यावर होता तेव्हा माझ्या डोक्यात चाळीसगाव होतं. १९२९ साल. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला समिती नेमलेली होती, बाबासाहेब तिचे सभासद. २३ ऑक्टोबरला धुळ्याकडचं काम आटपून परत मुंबईला जाताना ते चाळीसगावला उतरले. स्टेशनावर महारवाड्यातली माणसं आलेली. पण तासभर कुणी हलेना. कारण टांगेवाला टांगा द्यायला राजी होता, हाकायला नव्हता. महाराला बसवून आपण हाकायचं म्हणजे त्याची इज्जत जाणार. शेवटी टांगा भाड्यानं घेतला आणि वस्तीतल्याच एकानं लगाम धरला, ज्यानं कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, बेशुद्ध पडले. घोडा आणि गाडी नदीत. महारवाड्यात उचलून नेलं तेव्हा बायापोरांनी आकांत केला. पाय मोडला होता. परदेशातल्या पदव्या घेतलेला, बॅरिस्टर, सरकारच्या समितीचा माणूस. पाय मोडला आणि त्याचं कारण टांगेवाल्याची इज्जत. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणींत लिहून ठेवलंय.

त्याच आठवणींत काठेवाडातल्या एका शाळामास्तराचं पत्र दिलंय. ते १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. मास्तरची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली, छातीनं श्वास घेईना. डॉक्टर म्हणाला, वस्तीत येणार नाही. नगरशेठ आणि दरबार मधे पडले, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला. पण अट घालून, वस्तीच्या आत पाऊल टाकणार नाही. मग त्या बाईला, दोन दिवसांच्या लेकरासकट, घरातून उचलून वस्तीबाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. त्याच वाटेनं परत. रात्रीचे आठ वाजलेले. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात पारा बघितला, न्यूमोनिया म्हणाला आणि गेला. औषध पाठवलं. फी घेऊन पुन्हा बघायला आला नाही. बाई मेली.

त्या डॉक्टरनं पण नंतर कुठंतरी सांगितलं असेल, उशिरा बोलावलं हो.

मला माहीत आहे, आता कुणी म्हणेल हे शंभर वर्षांमागचं. आता शिवाशीव कुठं आहे? दवाखान्यात तर सगळ्यांना एकच खिडकी. बरोबर. आता थर्मामीटर मुसलमानाच्या हातून येत नाही. आता 'शिवणार नाही' असं कुणी म्हणत नाही, 'पुढं न्या' म्हणतात. फरक एवढाच की तेव्हा डॉक्टर वस्तीच्या हद्दीवर थांबायचा, आता डॉक्टरची जागाच रिकामी असते. डांबर गावात येऊन थांबतं, वस्तीत येत नाही. ही हद्द कुणी आखली? काठेवाडातल्या त्या बाईला बरं व्हायचं तर घराबाहेर, वस्तीबाहेर यावं लागलं. माझ्या मायला पण बाजेवर पडून सडकेपर्यंत यावं लागलं. आणि ही गोष्ट एकट्या आपल्या लोकांची नाही. पारध्याचा पाल, वडाराची पालं, धनगराचा वाडा, भूमिहीन मराठ्याचं खोपट, सगळे ह्याच रांगेत आहेत. फक्त रांगेत सगळ्यात मागं कोण ते विचारू नका.

आपले शिकलेले साहेब लोक वेगळंच बोलतात. त्यांच्याशी माझं खरं भांडण आहे. म्हणतात, आपले लोक अडाणी, आधी देवऋष्याकडं जातात, हाडवैद्याकडं जातात, मग दवाखान्यात येतात, मग उशीर होणारच. साहेब, तुम्ही क्वार्टरमध्ये राहायला गेल्यापासून अंतर विसरलात. हाडवैद्य शेजारच्या गल्लीत आहे. तो रविवारी पण असतो. उधारीवर बसवतो. आणि मुख्य म्हणजे तो पायाला हात लावतो. तो चूक बसवतो, हाड वाकडं जुळतं, कधी पाय सडतो, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, असली माणसं माझ्या वस्तीत लंगडत फिरतात. त्याची बाजू मी घेत नाही. पण माणूस तिकडं का जातो ह्याचं उत्तर त्याच्या अडाणीपणात शोधू नका, तालुक्याच्या बंद दारात शोधा.

१०८ ची गाडी आहे की, असंही म्हणतात. आहे. २०१४ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा सबंध महाराष्ट्राला ९३७ गाड्या होत्या. २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्राची माणसं ११ कोटी २४ लाख. भागाकार करा, एका गाडीमागं १ लाख २० हजार माणसं. ह्या गाड्यांनी माणसं वाचवली आहेत, ते नाकारणारा मी कृतघ्न नाही. पण एक गाडी आणि सव्वा लाखाच्या घरातली माणसं, हे गणित करताना त्यात उशीर धरलेलाच होता. तो कुणाच्या वाट्याला येणार हेही ठरलेलंच होतं.

आता घर आणि मिल. मिलमध्ये पट्ट्यात हात गेला तर निदान भांडायला मालक असतो. १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला तेव्हापासून तत्त्व हेच, की कामावर असताना, कामामुळं लागलं तर मालक जबाबदार. मालक ते टाळतो, हमाल आमचा नाहीच म्हणतो, मुकादमाचा म्हणतो. तरी कायदा आहे, युनियन आहे, बोंब मारायला फाटक आहे. घरात लागलं तर? चुलीवरचं आधण पायावर सांडलं, जमिनीवर झोपलेल्या पोराला साप चावला, पत्र्यावरचा दगड पडला, तर मालक कोण? माझी माय दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आली होती. रात्री अंग टाकलं. दगड रानात पडला असता तर रानवाल्यानं निदान गाडी काढली असती, लोकलाजेनं का होईना. घरात पडला म्हणून तो आमचा खाजगी दगड झाला. ज्याला धड घर नाही त्याला सांगतात, घरातलं तुमचं तुम्ही बघा. यादीत सात वर्षं नाव पडून आहे त्या यादीला दगड लागला नाही.

घरातल्याच दगडानं मराठवाड्यात हजारो माणसं मेली, तेव्हा मात्र तो दगड सगळ्यांचा झाला होता. ३० सप्टेंबर १९९३. बघा, नांदेडच्या त्या चोवीस तासांच्या आधी बरोबर तीस वर्षं. तेव्हा माझा जन्म पण नव्हता, पण लातूरच्या मिलमध्ये किल्लारीकडचे हमाल आहेत, वयस्कर. ते सांगतात. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची माती. माणसं झोपल्या जागी दबली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावंच्या गावं. सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ, लोक दहा हजार म्हणतात. ज्यांच्याकडं दगडाचा वाडा नव्हता, कुडाचं खोपट होतं, त्यातली बरीच वाचली. दगडाच्या ऐपतीनं त्या रात्री उलटा हिशोब केला.

त्या रात्री पाटील आणि भूमिहीन एकाच ढिगाऱ्याखाली वाट बघत होते. लातूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. अंधार. उजाडेपर्यंत दवाखाना म्हणजे शेजाऱ्याची दहा बोटं. म्हणजे आम्ही रोज जशी वाट बघतो तशी त्या दिवशी सगळ्यांनी बघितली, आणि मग दिल्ली आली, लष्कर आलं, जागतिक बँक आली. यायलाच पाहिजे होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बावन्न गावं नव्यानं वसवताना काय केलं? माणूस किती दबला, किती मोडला हे बघून घर दिलं नाही. जमीन बघून दिलं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या जमीनवाल्याला ७५०. कमरेचं हाड मोडलेला भूमिहीन अडीचशे फुटांत, आणि नुसती धूळ झटकून उठलेला जमीनदार साडेसातशेत. हाड सगळ्यांचं एकाच मापाचं असतं एवढं तरी भूकंपानं शिकवायला पाहिजे होतं. सातबारा बघून हाड मोजणारं सरकार उशीर मोजायला बसलं तर काय मोजणार?

परत नांदेडला येतो, कारण तिथला एक प्रसंग माझ्या गळ्यात अडकलाय. ३१ जीव गेल्यावर, ३ ऑक्टोबरला, हिंगोलीचे तेव्हाचे खासदार दवाखान्यात गेले. संडास घाण होते. असतीलच, पाणी आणि सफाईवाले असल्याशिवाय संडास स्वच्छ राहत नाहीत. खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यासमोर संडास साफ करायला लावला. अधिष्ठाता आदिवासी. पुढं ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. वस्तीत किती जणांनी तो व्हिडिओ बघून टाळ्या पिटल्या मला माहीत आहे. मोठ्या डॉक्टरला झाडू मारायला लावला, बरी जिरवली म्हणाले. दोस्तांनो, झाडू कुणाच्या हातात गेला ते बघा. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी एक आदिवासी त्या खुर्चीवर बसला, आणि राग आला की ह्या देशाला पहिल्यांदा काय आठवतं, तर त्याच्या हातात झाडू. अधिष्ठात्याचा कारभार कसा होता ते कोर्ट बघेल, मी त्याचा वकील नाही. पण खाटा किती मंजूर करायच्या, डॉक्टर किती नेमायचे, किनवटला काय द्यायचं आणि माहूरला काय, हे अधिष्ठाता ठरवत नाही. हे जे ठरवतात ते त्या दिवशी झाडू देणाऱ्याच्या बाजूला बसतात. मेलेल्या लेकरांच्या आयांना त्या झाडूनं काय मिळालं? एक व्हिडिओ.

आणि आपले पुढारी? साहेबांचा वाढदिवस आला की सरकारी वॉर्डात फळवाटप. दर खाटेला दोन केळी, एक सफरचंद, फोटो. मायच्या खाटेशी पण आले होते. फोटो काढताना तिच्या मोडक्या पायाला धक्का लागला. केळी गोड होती.

कायदा नाही असं पण नाही. १९९२ च्या जुलैत बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार. कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खाजगीत सतरा हजार गेले. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती, सुप्रीम कोर्टात गेली. १९९६ साली निकाल लागला. जखमी माणसाला वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. सरकारकडं पैसा नाही ही सबब चालणार नाही. पंचवीस हजार भरपाई. शेतमजुरांनी मिळवलेला निकाल आहे हा, कुठल्या साहेबानं नाही. आणि तो तालुक्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर कुठं लावलेला दिसला का तुम्हाला? भिंतीवर 'शांतता राखा' असतं.

त्या निकालाचा आधार धरून मी एक साधी मागणी करतो. जो दवाखाना 'पुढं न्या' म्हणतो, त्यानं ते कागदावर लिहून द्यावं. किती वाजता आले, किती वाजता पुढं पाठवलं, का पाठवलं, पाठवणाऱ्याची सही. आणि शेवटच्या दवाखान्यानं 'उशिरा आणलं' लिहायच्या आधी हे सगळे कागद केसपेपरला जोडावेत. मग कर्ता आपोआप सापडेल. ह्याला निधी लागत नाही, इमारत लागत नाही, पेन लागतो.

ते देणार नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून आमच्या वस्तीत आम्हीच वही घातलीय. दोनशे पानी, समाजमंदिरातल्या कपाटात असते. रकाने पाच. कधी लागलं. काय लागलं. कुठं कुठं गेलो आणि कोण काय म्हणालं. पैसे किती गेले. अंगाला डॉक्टरचा हात कधी लागला. नावं लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की गावात त्रास. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्यात. चौथी नोंद अशी: बाई, वय पस्तीस, चुलीवरचं आधण दोन्ही पायांवर, रात्री नऊ, दोन ठिकाणाहून पुढं न्या, गाडीभाडं बाराशे, हात लागला सकाळी अकराला. सातवी: पोरगा, वय सहा, झोपेत साप; पहिल्या ठिकाणी औषध संपलेलं; हात लागला साडेचार तासांनी; वाचला. नववी: म्हातारा, ओसरीवरून पडला, खुबा मोडला, पैसे नाहीत म्हणून नेलाच नाही, पाचव्या रकान्यात रेघ.

ज्यांना आपापल्या वस्तीत अशी वही घालायची आहे त्यांनी घालावी. रकाने हेच ठेवा, म्हणजे बेरीज करता येईल. वह्या भरल्या की नोंदी उतरवून ह्याच अंकाच्या पत्त्यावर पाठवा.